दोन दारूंचा कज्जा

श्री. ज्याचे कृपेने बोलणाराची जीभ आणि लिहिणाराचा बोरू अडत नाही, त्या देवास दंडवत घालोन आरंभ केला. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, आश्विन मास. ते समयी एक राज्य होते. नाव सांगो नये ऐसी तेथील लोकांनी गळ घातली, म्हणोन सांगत नाही. राजधानीचे पूर्व वेशीपासी गोजराबाई कलालीण गुत्ता चालवीत होती. बाई विधवा, वय चाळिसाचे आत, बोलण्यास रोखठोक. तिचे घरची मोहाची दारू चहूकडे नावाजलेली, आणि सोबत भाजलेले हरभरे व ठेचा ऐसा मिळे की लोक दारू विसरोन ठेचा मागत. परंतु घरचा दंडक एक. दारात खुंट्यांची फळी ठोकली होती. ज्याचे कमरेस तमंचा असेल त्याने तो खुंटीस अडकवावा आणि मग आत यावे. शिपाई आले, जमादार आले, सर्वांनी कुरकुर केली आणि सर्वांनी दंडक पाळिला, कारण ठेचा दुसरे ठायी मिळत नव्हता.

मग त्या वर्षी दसऱ्यास महाराजांनी सरदार निंबाजीराव रणनवरे यांस रुप्याचे मुठीचा चकमकीचा तमंचा बक्षीस दिला. राव वयाने पन्नास, मिशा भरघोस, मन लेकराचे. तमंचा मिळाल्यापासोन राव जेवताना तो पाटाशेजारी ठेवीत आणि निजताना उशापासी ठेवीत, आणि घरची मंडळी लांबून वावरत. एके दिवशी तिसरे प्रहरी राव गुत्त्यास आले. संगे दर्याखान जमादार. खान आणि राव वीस वर्षे एका राहुटीत निजले, एका ताटात जेवले, ऐसा स्नेह. खानाने आपला तमंचा खुंटीस लाविला. राव उभेच. गोजराबाई म्हणाली, "सरकार, खुंटी मोकळी आहे." राव म्हणाले, "हा महाराजांचे हातचा आहे. हा उतरविणे म्हणजे आमची अब्रू उतरणे." बाई म्हणाली, "अब्रू खुशाल आत न्या, राव. ती कोणास लागत नाही. तमंच्यात दारू भरली आहे, ती बाहेर ठेवा. माझे घरी एक दारू आहे, दुसरीस जागा नाही." आतले लोक हासले. रावांस हासणे सोसले नाही. तसेच माघारी फिरले आणि थेट दरबारी जावोन फिर्याद केली की, कलालीण सरदारांची शस्त्रे उतरविते, हे राज्यास शोभत नाही.

मग दरबार भरला. महाराज सिंहासनी बसले, जवळ कारभारी भानजीपंत बसले आणि गोजराबाईस बोलावणे गेले. बाई पदर सावरोन उभी राहिली. महाराजांनी पुसिले, "बाई, तुला भय कशाचे?" बाई बोलिली, "महाराज, माझा घरधनी रायाजी. त्याचे दोस्ताने आमचे घरी बसोन तमंचा दाखविला. भरलेला नाही म्हणाला. भरलेला होता. दोस्त वाईट नव्हता. अजून वाटेत भेटला तर रस्ता सोडोन जातो. म्हणोन खुंट्या ठोकिल्या." तेव्हा भानजीपंत खाकरले आणि बोलिले, "बाईचे दुःख खरे. परंतु ते एक दैवाने झाले. विचार ऐसा करावा की, सर्वांजवळ तमंचा असता कोण कोणावर हात टाकील? सर्व एकमेकांस भितील, आणि भितील तितके सभ्य होतील. कोतवालाचे कामही हलके होईल." पंत स्वतः दारू पीत नव्हते, गुत्ता त्यांनी बाहेरोनच पाहिला होता, तथापि विचार कागदावर सुरेख दिसला. महाराजांस मानवला. हुकूम सुटला की, गुत्त्यात शस्त्र नेण्यास कोणी कोणास अडवू नये. बाईने घरी येवोन फळी काढिली आणि चुलीपासी उभी करोन ठेविली, जाळिली मात्र नाही.

आणि नवल ऐसे की, पहिले आठ दिवस पंत खरे ठरले. गुत्त्यात लोक तमंचे मांडीवर घेवोन बसों लागले आणि ऐसे सभ्य जाहले की सांगता सोय नाही. "आपण आधी बसावे." "छे छे, आपण बसावे." ऐसे म्हणत दोघे उभ्यानेच पीत. कोणाचा धक्का लागला तर ज्यास लागला तोच क्षमा मागे. कोणी शिळा विनोद केला तर आधी त्याचे कमरेकडे पाहोन मग सर्व खो खो हासत. बाई एकटी हासत नसे. आणि निंबाजीरावांस कवित्वाची हौस होती. पूर्वी राव ओव्या म्हणों लागले की लोकांस एकाएकी घरची कामे आठवत. आता राव तमंचा पुढे ठेवोन ओव्या म्हणत आणि सर्व लोक माना डोलावीत, "वाहवा, राव! पुनः एकदा!" म्हणत. आठ दिवस वाहवा ऐकोन रावांस वाटले की आपण खरेच कवी आहों. मग नवव्या दिवशी रावांनी गडाचे लढाईवर नव्या ओव्या रचोन आणिल्या. त्यांत ऐसे होते की, रात्रीचे काळोखात शिडी लावोन गडाचे तटावर प्रथम निंबाजी चढला आणि मागाहोन फौज आली. लोक वाहवा म्हणाले. दर्याखान हरभरे खात होता. तो म्हणाला, "राव, तटावर प्रथम मी चढलो. तुम्ही खाली शिडी धरली होती."

राव म्हणाले, "खान, कवित्वात ऐसे चालते." खान म्हणाला, "कवित्वात चालत असेल. तटावर तुम्ही नव्हता." राव म्हणाले, "हे शब्द मागे घ्या." खान म्हणाला, "तमंचा पाहोन या लोकांनी आठ दिवस तुमची स्तुती केली. मी वीस वर्षांचा मित्र. मीही खोटे बोलू काय?" तेव्हा रावांचे डोळ्यांत पाणी आले आणि त्या पाण्याचा राग आला, आणि रावांनी तमंचा उचलोन खानाकडे रोखिला. मारावे ऐसे मनात तिळभर नव्हते. भिववावे इतकेच. परंतु चार पेले पोटात होते, बोट रावांचे ऐकेना, घोडा पडला आणि आवाज जाहला. धूर निवळला तो खान भुईवर, गुडघ्यातून रक्ताची धार. शस्त्रधारी लोक, जे एकमेकांचे भयाने सभ्य होणार होते, ते एकमेकांस तुडवीत दाराबाहेर गेले. गोजराबाई मात्र पुढे धावली. तिने पदर फाडिला आणि मांडीस करकचोन बांधिला. राव तमंचा हाती धरोन लेकरासारिखे रडत होते. बाई ओरडली, "रडता काय उभे राहोन? तो टाका आणि यांस उचला!" मग रावांनी तमंचा टाकिला, खानास पाठीवर घेतिले आणि भर बाजारातून वैद्याचे घरापर्यंत धावत गेले. पागोटे वाटेत पडले, ते उचलिले नाही.

वैद्याने गोळी काढिली. खान वाचला, गुडघा मात्र कायमचा आखडला. दुसरे दिवशी राव बोडक्या डोक्याने दरबारी गेले आणि तमंचा महाराजांचे पायापासी ठेविला. म्हणाले, "हा हुकूम रद्द करावा. फिर्याद माझी होती, चूक माझी आहे." भानजीपंत म्हणाले, "हुकूम महिनाभरात परत घेतला तर राज्याचा वचक काय राहील?" राव म्हणाले, "पंत, खानाचा गुडघा परत घ्या म्हणत नाही. कागद तेवढा परत घ्या." महाराजांनी खाली पाहिले आणि मान डोलाविली. मग लेखकाने घाईने नवा हुकूम लिहिला, "यापुढे कोणी गुत्त्यात दारू नेऊ नये." लिहिणाराचे मनात तमंच्याची दारू होती. कोतवालाचे मनात दुसरी आली. त्याने वेशीवर मोहाची मडकी अडविली आणि तीन दिवस नगर कोरडे पडले. चौथे दिवशी फौजेतून इतके अर्ज आले की लेखकास बोलावोन "बंदुकीची" हा शब्द समासात लिहविला, आणि मग मडकी आत गेली व तमंचे बाहेर राहिले.

राव रोज खानाचे उशापासी जावोन बसत, परंतु बोलत नसत. सातवे दिवशी खानच बोलिला, "राव, मुके जाहला काय?" राव म्हणाले, "कोणत्या तोंडाने बोलू?" खान म्हणाला, "शिडी धरली होती, इतके बोला." राव म्हणाले, "धरली होती." खान म्हणाला, "घट्ट धरली होती. वरून बाण येत होते, तरी सोडली नाही. त्याच्या ओव्या का करीत नाही?" मग दोघेही रडले, आणि वैद्याने दोघांसही रागे भरिले.

पुढे गोजराबाईने फळी पुनः ठोकिली. निंबाजीरावांनी तिजपासी एक मागणे मागितले की, बाजाराचे दिवशी दारात मी बसेन. बाईने कितीएक दिवस हो म्हटले नाही. मग म्हटले. नवा कोणी शिलेदार येवोन ताठला की, "मी शस्त्र उतरविणार नाही, तू कोण सांगणार?" तर राव उगाच वाद करीत नसत. म्हणत, "मी निंबाजी. येथे बसोन माझे मित्रावर गोळी घातली. उतरव बाबा." आणि तो उतरवी.

इतकी हकीकत. यानंतर त्या घरी अठरा वर्षांत भांडणे पुष्कळ जाहली. शिव्या जाहल्या, पागोटी फाटली, दोघांचे दात पडले, आणि एकदा स्वतः भानजीपंत पाहणीस आले असता त्यांचे अंगावर ठेचा सांडला. परंतु जो आत गेला तो आपले पायांनी घरी गेला. दर्याखान काठी टेकीत, निंबाजीरावांचे खांद्यावर हात टाकोन, परंतु गेला.