सकाळचे गादीने दिला एका गुणाचा निवाडा

श्रीगजानन प्रसन्न. ऐकणारांचे कान शाबूत राहोत, बोलणारांचा घसा साफ राहो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष वद्य चतुर्थी, भृगुवार, ते दिवशी सकाळचे गादीवर जो प्रसंग गुदरला तो डोळां पाहिला आणि कानी ऐकिला तैसाच लिहिला असे. लिहिणार हुजूरचा अर्जनवीस. नाव पुसू नये, नावाचा सोस आम्हांस नाही. फोन उचलावा, अर्जदाराचे म्हणणे चिठीवर उतरावे आणि काचेआडून खाशांस दाखवावे, ही आमची चाकरी. ती आम्ही अकरा वर्षे केली आणि एक दिवस खाडा केला नाही. हे आधीच सांगून ठेवितो, कारण मागाहून कोणी पुसत नाही.

तर टेकडीवर उंच मनोरा, मनोऱ्याखाली दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांतून सकाळी सात ते आठ आमचे राज्य. शेजारची राज्ये थोर. एक सिनेमाचे गाण्यांचे, एक राशिभविष्य सांगणारांचे, त्यांजपाशी लवाजमा मोठा आणि जाहिराती उदंड. परंतु दुधाचे गाडीपासून पोलीसचौकीपर्यंत सकाळी ज्या रेडिओचा कान पिळावा त्यातून आवाज निघे तो आमचा, ही गोष्ट शेजारी मान्य करणार नाहीत, न करोत! राज्य खेळाचे. कोण जिंकले, कोण हरले, कोणाचा खांदा निखळला, ही खबर सात वाजता रुजू होई आणि साडेसातास 'पेच' नावाचा दरबार भरे. त्यात रयतेने आपली अडचण सांगावी आणि गादीने निवाडा द्यावा. गादीवर दोघे. एक खासे विश्रामराव बिडवे, पूर्वी वरचे आळीचे कबड्डीतील चढाईबहाद्दर, गुडघा गेला तेव्हा बोलू लागले ते आजतागायत थांबले नाहीत. दुसऱ्या वृंदाबाई टिपरे, ज्यांचे हसणे ऐकून भिंतीवरची पाल पळे, परंतु अक्कल अशी की खाशांची जीभ घसरू लागली तर बाई टेबलाखालून त्यांचे पायावर पाय देत आणि वर चेहरा देवासारखा शांत ठेवीत. यंत्रावर भिवाजी लोहार, तोंड मुके आणि बोटे शहाणी. एवढीच फौज. आणि एवढ्या फौजेवर अकरा वर्षे राज्य राखिले.

दरबारचा शिरस्ता असा की अर्जदाराने खरे नाव सांगू नये, कोणत्याही एका भाजीचे नाव घ्यावे, म्हणजे शेजारीपाजारी बोभाटा होत नाही. आणि निवाडा दिला तो मानावा, आणि सोबत एक दंड भोगावा, आणि तो दंड हसू येईल ऐसा असावा. मागे एकदा भोपळा नावाने एक बाई रुजू जाहल्या आणि म्हणाल्या, "अहो, आमच्या सासूबाई त्या आरामखुर्चीत बसल्या की आपली विकेट पडतेच! उठा म्हणायची माझी हिंमत नाही. काय करू?" खाशांनी पुसिले, "शेजारी कोण राहतं?" त्या म्हणाल्या, "समोरच्या टीमचे आहेत मेले." खासे बोलिले, "मग झालं की! सासूबाईंना खुर्चीसकट उचलून त्यांच्याकडे बसवा. खुर्ची तुम्ही उचलायची, हा दंड." मागाहून खबर आली की सासूबाई तेथे ऐशा रमल्या की परत येईनात. ऐसे निवाडे शेकड्यांनी जाहले. आणि एक शिरस्ता खाशांनी आपल्यावर आपणच घातला होता. हसायचे ते स्वतःवर, अर्जदारावर कदापि नाही. दुसरी राज्ये रयतेची टर उडवून पोट भरितात, आम्ही ते पाप केले नाही. याचा अभिमान आम्हांस आहे आणि तो लपवावा ऐसे वाटत नाही.

आता स्वतःवर हसायचे तर खाशांपाशी हुकमी विनोद एकच, तो वाऱ्याचा. त्याची हकीकत अशी. एकोणीस वर्षांमागे वरची आळी आणि खालची पेठ यांचा अंतिम सामना जाहला. ठरलेले पंच तापाने निजले, तेव्हा दोहीकडील मंडळींनी एकमताने केरबा बिडवे मास्तर यांस उभे केले. मास्तर शाळेत कवायत शिकवीत, आणि सचोटी ऐसी की स्वतःचा पोरगा खेळत असता खालचे पेठेने हूं की चूं केले नाही. तो पोरगा म्हणजेच आमचे खासे. सामना बरोबरीत आला, शेवटची चढाई खाशांची, आणि करार असा की बरोबरी राहिली तर ढाल गतसाली ज्यांची त्यांचीच, म्हणजे खालचे पेठेची. मग खासे दम घेऊन आत गेले, धूळ उडाली, आणि परत येऊन बोलिले, "शिवलो! टाचेला बोट लागलं!" समोरचा गडी बोलिला, "नाही लागलं." मास्तरांनी त्या गड्याकडे पाहून पुन्हा पुसिले, तो पुन्हा नाही म्हणाला, आणि मास्तरांनी पोटच्या पोराविरुद्ध निकाल दिला. ढाल खालचे पेठेत गेली. गावाने मास्तरांस खांद्यावर घेतले आणि खाशांस खोटारडा म्हटले. तेव्हापासून खासे स्वतःच सांगू लागले, "मी वाऱ्याला शिवलो हो. वारा बाद झाला, तो अजून बाहेर बसलाय!" या विनोदावर अकरा वर्षे रयत हसली, आम्हीही हसलो. परंतु बाप घरी काय बोलिला, लेकाचे मनात काय, हे कोणी पुसिले नाही. मास्तरांनी मात्र त्या दिवसानंतर शिट्टी हाती धरिली नाही आणि मैदानाकडे पाऊल टाकिले नाही, इतके सर्वांस ठाऊक होते.

मग ते भृगुवारी, संकष्टीचा दिवस, भिवाजींस उपास, साबुदाण्याचा डबा यंत्रावर, साडेसात जाहले आणि फोन वाजला. आम्ही पुसिले, "नाव?" उत्तर आले, "शेवगा." आवाज पुरुषाचा, पन्नाशीकडचा. आम्ही चिठी लाविली. खासे खुशीत बोलिले, "या शेवगे! आमटीत पडलात का?" तो हसला नाही. म्हणाला, "साहेब, अकरा वर्षं ऐकतोय तुम्हाला. रोज, दाढी करताना. तुम्ही तो वाऱ्याचा विनोद केला की माझा हात थांबतो. सांगू का नको, सांगू का नको, असं करत इतकी वर्षं गेली." खासे म्हणाले, "का हो? वारा तुमच्या नात्यातला का?" तो बोलिला, "वारा नव्हता साहेब. मी होतो. तुमचं नख माझ्या डाव्या टाचेला लागलं होतं. मी नाही म्हणालो."

तेव्हा वृंदाबाईंचे हसू जागचे जागी राहिले. त्यांणी टेबलाखालून पाय पुढे केला आणि खाशांचे पायावर ठेविला, आणि या खेपेस तो दाबावयास नव्हता. शेवगा बोलतच राहिला. त्याचे म्हणणे ऐसे: "रविवारी आमच्या मंडळाला पन्नास वर्षं होतायत. मला फेटा बांधणार, मैदानाच्या फाटकाला माझं नाव देणार. मी तो फेटा कसा घालू? आणि खरं सांगावं तर आमच्या सातांतले दोघं वारले. त्यांच्या घरी त्या ढालीशेजारी उभे असलेले फोटो आहेत, त्यांना हार आहेत. मी तोंड उघडलं की त्यांची ढाल जाते. नाही उघडलं तर तुम्ही खोटे. हा पेच आहे साहेब. तुम्हीच सांगा, तुम्ही म्हणाल ते करतो." आणि मग रडू लागला. एवढा मोठा बाप्या.

आता पाहा. खाशांपाशी सारे राज्य, हाती माईक, आणि एकोणीस वर्षांचा वैरी आपण होऊन पायाशी आलेला. दुसरा असता तर नाव पुसून चव्हाट्यावर टांगता. आम्ही स्वतः टांगिले असते, खोटे कशास बोलावे. खासे पाणी प्याले आणि बोलिले, "शेवगे, ढाल हलवायची नाही. सात जण तिच्यासाठी घाम गाळून खेळलेत, सात जणांना शिक्षा नको. उद्या त्या दोघांच्या घरी जा, त्यांच्या बायकापोरांना आधी सांगा. आणि रविवारी फेटा बांधायला बोलावतील तेव्हा भाषण नको. बाद झालेला गडी काय करतो? हात वर करतो आणि रेषेबाहेर जाऊन बसतो. तेवढंच करा. अहो, एकोणीस वर्षं बाद होऊन तुम्ही मैदानातच उभे आहात. या, बसा आता. दमला असाल." मग क्षणभराने म्हणाले, "आणि दंड असा की महिनाभर दाढी करायची नाही." तेव्हा शेवगा रडता रडता हसला, आणि वृंदाबाई हसल्या, आणि भिवाजींनी तोंड फिरविले ते उपासाचे डब्याकडे पाहतो ऐसे दाखवून.

आठास पाच मिनिटे उरली असता पुन्हा फोन वाजला. आम्ही उचलिला आणि पुसिले, "नाव?" पलीकडून एक म्हातारा खाकरला आणि बोलिला, "कारलं. दुसरी भाजी सुचली नाही." आमचा हात चिठीवर थबकला, कारण त्या आवाजाने आम्हांस सात वर्षे कवायत शिकविली होती. खाशांनीही ओळखिले, ते त्यांचे मानेवरून दिसले. भिवाजींनी आवाज सोडिला, आणि कारले बोलू लागले, थांबत थांबत, परंतु कवायतीसारखे स्वच्छ:

"पेच असा आहे. एक पंच होता. त्याला त्याच्याच पोराच्या सामन्यात उभं केलं. पोरगा म्हणाला शिवलो, समोरचा म्हणाला नाही. पंचाला धुळीत काही दिसलं नव्हतं. जे दिसलं नाही ते देता येत नाही. त्यानं दिलं नाही, आणि आजही देणार नाही. पण हे पोर खोटं बोलत नाही, हे त्याला तिथंच ठाऊक होतं. निकाल पंचाचा झाला. बापाचं म्हणणं घरी जाऊन सांगू, असं त्यानं ठरवलं. तर घरी पोरगा जेवायला बसला आणि बाप बोलायच्या आधी त्यानंच विनोद केला. वारा बाद झाला म्हणाला. सगळे हसले. बापही हसला. मग सांगायचं राहूनच गेलं. आता एकोणीस वर्षांनी सांगितलं तर चालतं का, एवढंच विचारायचंय."

मग या राज्यात जे कधी घडले नव्हते ते घडले. गादी मुकी जाहली. रेडिओवर मौन म्हणजे मोठे पातक, तीन सेकंद गेले तरी लोक बटण फिरवितात आणि शेजारचे राज्यात जातात. भिवाजींचे बोट गाण्याचे बटणावर गेले आणि तेथेच थांबले, दाबिले नाही. अकरा सेकंद. आम्ही भिंतीवरचे घड्याळात मोजिले. शेजारची राज्ये मागाहून म्हणाली की ते दिवशी तुमची शिकस्त जाहली. म्हणोत बापडी! मनोऱ्यावरून आजवर इतके बोलणे गेले, त्यात त्या अकरा सेकंदांइतके मोलाचे काही गेले नाही, आणि एकाही माणसाने बटण फिरविले नाही. पुढे आठ दिवस रयत पायऱ्या चढून येऊन आम्हांस हेच सांगत होती.

मग खासे बोलिले, आणि आवाज लहान मुलाचा, "चालतं, तात्या."

वृंदाबाईंनी डोळे पुसले आणि टेबलावर हात आपटिला. "शिरस्ता मोडला! अर्जदाराचं नाव फोडलं! विश्रामराव, तुम्हाला दंड!" खासे म्हणाले, "कबूल. काय तो सांगा." बाई बोलिल्या, "रविवारी गाडी काढायची, तात्यांना मैदानावर न्यायचं, आणि जाताना वाटेत एकही विनोद करायचा नाही." तेव्हा फोनमधून म्हातारा बोलिला, "एखादा चालेल." आणि आठाचे ठोके पडले.

रविवारी आम्ही जातीने हजर होतो. शेवगे म्हणजे खालचे पेठेचे सर्जेराव घुगरे, दोन दिवसांची दाढी वाढलेली, फेट्याचे ताटापुढे उभे राहिले, हात वर केला, चालत रेषेबाहेर गेले आणि जमिनीवर बसले. ज्यांचे फोटोंस हार आहेत त्यांचे दोन्ही घरची माणसे पहिले रांगेत होती आणि पहिल्या टाळ्या त्यांनीच वाजविल्या. मग केरबा मास्तर लेकाचे खांद्यावर हात टेकून उठले, खिशातून शिट्टी काढिली, जी कोणास ठाऊक कोठे जपून ठेविली होती, ती फुंकिली आणि वरचे आळीकडे एक बोट वर केले. समोरच्याने स्वतः कबूल केले, आता देता येत होते. म्हणून दिले.

येणेप्रमाणे निवाडा जाहला. ढाल खालचे पेठेतच आहे. फाटकास सर्जेरावांचे नाव दिले, कारण दोन्ही आळ्या म्हणाल्या की आता तर द्यायलाच हवे. सामन्याचे जुने कागदावर वरचे आळीचे नावे एक गुण वाढविला, आणि वारा निर्दोष सुटला. सोमवारी खासे सात वाजता गादीवर आले तेव्हा आम्ही काचेवर चिठी लाविली की दंड पुरा भोगिला की नाही, वाटेत विनोद किती जाहले? खाशांनी एक बोट दाखविले, आणि मग म्हणाले, "तोही तात्यांनी केला."