किणीबाईंचा शेरा

किणीबाई बाजारात गेल्या की कोळणीला पापलेटचा भाव विचारत नाहीत, तिच्या मुलाचा भागाकार विचारतात. कोळीण बिचारी गिऱ्हाइकाला वाटा लावून देत असते, तोवर बाईंनी पिशवीतून वही काढून बोंबलांच्या टोपलीवर उघडलेली असते. "दोनच मिनिटं," असं म्हणून त्या अर्धा तास घेतात. मागच्या गिऱ्हाइकांनी कुरकुर केली तर त्यांनाही विचारतात, तुमची मुलं कितवीत?

मी बाईंचा सहकारी. बोईसरच्या कारखान्यांमागे आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. बाई गणित शिकवतात, मी मराठी. त्या पालघरहून स्कूटरवर येतात आणि वाटेत मला मागे बसवून घेतात. हा उपकार मला फार महाग पडला आहे. शाळा सुटल्यावर मी सरळ घरी पोचलो, असा एक दिवस आठवत नाही. पालकसभेला पालक येत नाहीत म्हटल्यावर आम्ही बाकीचे शिक्षक चहा पिऊन मोकळे होतो. बाई मात्र पालक सापडतील तिथे सभा भरवतात. कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटताना, रेशनच्या रांगेत, आणि एकदा दातिवऱ्याला चक्क कुणाच्या तरी हळदीत. नवरदेवाच्या काकाला त्यांनी दशांश चिन्ह समजावलं, तेही त्याचे हात हळदीने भरलेले असताना. स्टाफरूममध्ये त्या उभ्यानेच डबा खातात. "मूल काय शिकतंय ते आईबापाला कळलंच पाहिजे," हे रोज इतकं ऐकतो की हल्ली मी ते झोपेत बडबडतो, असं माझी बायको सांगते.

रामसजीवन नावाचा एक कामगार आहे. त्याने मुलाला एकदा झोडपलं. का, तर आठवडाभर वहीत रोज वर 'अपूर्णांक' असं लिहिलेलं. बाईंनी त्याला जेवणाच्या सुट्टीत गेटवर गाठलं, तर तोच तावातावाने म्हणाला, "मॅडम, हफ्ते भर से अपूर्ण ही लिख रहा है, पूरा कब करेगा?" मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्याच डब्यातली चपाती काढली, चार तुकडे केले, एक बाजूला ठेवला. तीन चपात्या फाडून झाल्यावर त्याला पाऊण म्हणजे काय ते कळलं. तेवढ्यात भोंगा झाला आणि जेवण राहिलं. पण घरी जाऊन त्याने मुलाची माफी मागितली म्हणे.

गेल्या दिवाळीनंतर मात्र बाईंचा जीव टांगणीला लागला. त्यांच्या वर्गातली मनाली शाळेत येईना. शून्याने का भागत नाहीत, हे विचारून बाईंचा पूर्ण तास खाणारी ही मुलगी बाईंना जिवापाड आवडायची. आठ दिवसांनी तिची आई वनिता येऊन मुख्याध्यापकांकडे शाळा सोडल्याचा दाखला मागून गेली. मुलीला विक्रमगडला मामाकडे घरकामाला पाठवणार होती. मुख्याध्यापकांनी सोमवारी या म्हणून सांगितलं. एकदा दाखला हातात पडला की मनालीचं शिक्षण संपलं, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्या सुटल्या आम्ही तिच्या चाळीत गेलो. वनिता एका कंपनीत पॅकिंगला जाते. अक्षरं जोडून जोडून वाचते. तिने ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं प्रगतिपुस्तक काढलं आणि शेऱ्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'चौकस आहे.'

"चौकशी लागली हाय तिला," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तिच्या बापाची पन कंपनीत चौकशी लागली व्हती. काय सापडलं नाय, तरी गेटपास गेला तो गेलाच. आता ईटभट्टीवर हाय. पोरीचं तसं व्हायच्या आदी मीच काडते तिला."

मनाली कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. आपण काय केलं, हे आठ दिवस तिलाही कळलेलं नव्हतं.

बाईंनी समजावलं. चौकशी नव्हे, चौकस. म्हणजे का, कसं, असं सारखं विचारणारी. हे कौतुक आहे, शंभरातल्या एकीला लिहितात. वनिता ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मंग लय इचारते असं लिवायचं ना, बाई."

बाईंनी तसंच लिहिलं होतं. 'खूप प्रश्न विचारते' हे त्यांचं वाक्य. प्रगतिपुस्तक मुख्याध्यापकांच्या सहीला जाण्याआधी भाषा तपासायला माझ्याकडे आलं तेव्हा मी ते खोडून वर 'चौकस' लिहिलं. शेरा कसा नेटका हवा, असं वर ऐकवलंही होतं. मी वनिताला हे सांगून टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, तेवढी दया केली.

वनिताने लेकीला जवळ ओढलं आणि विचारलं, काय गं इचारतेस एवढं? मनाली आधी हळू, मग भराभर सांगू लागली. सोमवारी दाखल्याऐवजी दप्तर येईल असं ठरलं आणि चहा आला.

"तुमचा पोरगा काय शिकतो, बाई?" वनिताने सहज विचारलं.

"बंगळुरूला असतो. कॉम्प्युटरचं, पुढचं शिक्षण."

"पुडचं म्हंजे काय?"

 बाईंनी कप खाली ठेवला. "मला नाही गं माहीत."

"मंग इचारा ना त्याला," वनिता म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

नवरा गेल्यापासून बाई पालघरला एकट्या राहतात. मुलाला रोज फोन करतात, जेवलास का म्हणून विचारतात. कधीतरी त्याने विषयाचं इंग्रजी नाव सांगितलं होतं, त्यांनी 'छान' म्हटलं होतं, आणि तो विषय तिथेच संपला होता. हे त्यांनी मला परतताना स्कूटरवर सांगितलं, मान न वळवता.

तारापूर रोडला त्यांनी मध्येच ब्रेक मारला, स्कूटर माझ्या हातात दिली आणि फोन लावला. भरदुपारी आईचा फोन आल्याने पोरगा घाबरला असावा. "बरी आहे मी," त्या म्हणाल्या. "तू तिथे काय शिकतोस ते सांग. मला कळेल असं."

शेजारून टँकर जात होते. बाई दुसऱ्या कानावर हात दाबून रस्त्याच्या कडेने येरझारा घालत होत्या. मी उन्हात स्कूटर धरून उभा होतो. 

बऱ्याच वेळाने त्या आल्या, पदराने तोंड पुसलं. काय शिकतो, मी विचारलं.

"निम्मं कळलंच नाही," बाई म्हणाल्या. "पण तीनदा सांगितलं त्याने. चिडला नाही."