देवघराला कान

"आठवड्यात सगळे फर्मे कंप्युटरात घालतो, मालक! न्हाय घातले तर नाव अजिनाथ न्हाय!"

"घाल की," मालक म्हणाले.

"आन मग मला जोडीला माणूस पायजे."

"काम वाढलं की देतो."

अजिनाथला एवढंच हवं होतं. सोलापूरच्या एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडात दिवसभर दोघंच असत: तो आणि लाकूड कापणारं सीएनसी मशीन. मशीन स्वभावाने वाईट नव्हतं. पण चालू असलं की दुसऱ्याचं ऐकायचं नाही आणि बंद असलं की स्वतः बोलायचं नाही. डबा उघडला की अजिनाथ त्याच्यापुढे शेंगाचटणी धरून, "घे की, लाजू नगो," असा आग्रह करायचा आणि मग एकटाच जेवायचा.

भिंतीवर देवघराच्या कमानींचे प्लायवुडचे जुने फर्मे टांगलेले होते. त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवून लाकूड कापायचे दिवस गेले होते. आता फर्मा मशीनच्या टेबलावर आवळायचा, हातातलं चाक फिरवत मशीनची सुई त्याच्या कडेकडेने न्यायची. सुई हलली की ती टेबलावर नेमकी कुठं आहे, हे कंप्युटर टिपून घेणार. सगळे ठिपके जोडले की कमान तयार! त्यातही अर्धीच बाजू मोजायची, उरलेली अर्धी कंप्युटर आरशासारखी उलटवून आपली आपण जोडतो.

पहिला फर्मा अर्ध्यात आला आणि फोन वाजला. वळसंगहून आई, केराबाई!

अजिनाथला इतका आनंद झाला, की नोंद थांबवायची राहूनच गेली. फोन खांद्यात, चाक हातात.

"अजि, पांढरी शेळी व्याली! दोन करडं!"

"काय सांगतीस! केवढी हायत?"

आता वळसंगात हात न हलवता बोललेलं कुणाला कळतच नाही. "एवढी एवढी?" म्हणत त्याने करडं दाखवली, ती चाकानेच. सुई कड सोडून लांब गेली आणि करडाएवढा फुगवटा काढून परत आली.

"त्येच्याहून मोठी," आई म्हणाली. सुईने त्याच जागी आणखी मोठा फुगवटा काढला.

"जेवलास का?"

"व्हय."

"एकटाच?"

अजिनाथच्या हातातलं चाक थांबलं. ते मात्र कंप्युटरात आलं नाही. थांबलेल्या सुईची नोंद होत नसते.

फोन संपला. त्याच खुशीत त्याने उरलेली कड मोजली, अर्धी बाजू उलटवून जोडली, पडद्याकडे ढुंकूनही न बघता दुधनीच्या गुरुसिद्धप्पांची अख्खी ऑर्डर कापायला लावली आणि मशीनला करडांची बातमी सांगत बसला.

संध्याकाळी मालक आले. रांगेत उभ्या कमानी बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कमानी होत्या तशाच होत्या. प्रत्येकीला दोन्हीकडे एकेक मोठ्ठा कान!

"अजिनाथ, हे देवघर हाय का ससा?"

"मालक, ते... करडू हाय."

"काय?"

तेवढ्यात टेम्पो घेऊन खुद्द गुरुसिद्धप्पाच दारात उतरले. दुधनीत त्यांचं फर्निचरचं दुकान. मालकांनी कमानींपुढे उभं राहून त्या झाकायचा प्रयत्न केला, पण मालक एक, कान बरेच.

"अण्णा, चूक झाली. पोरानं..."

"अय्यो, सरका की!" गुरुसिद्धप्पांनी मालकांना बाजूला केलं. एका कानावर हात फिरवला, दुसऱ्यावर फिरवला. "हितं एक समई, तितं एक समई! जागा केलात व्हय? लई छलो, लई झ्याक हाय की!"

"व्हय तर!" मालक दचकून म्हणाले. "आमीच सुचवलं."

कानवाली देवघरं दुधनीत अशी खपली, की पुढच्या आठवड्यात दुप्पट ऑर्डर आली. काम वाढलं. मालक शब्दाचे पक्के. त्यांनी माणूस दिला. रात्रपाळीला!

अजिनाथ घरी निघायचा तेव्हा युवराज यायचा. "बरं हाय का?" "बरं हाय की." झाली जोडी! मग अजिनाथ सुट्टी झाल्यावर थोडा थांबायला लागला. उगाच टेबल पुसायचा, भुसा झाडायचा. युवराज बोलका निघाला. तो अजिनाथच्या एका वाक्याला चार वाक्यं परत द्यायचा, हातही हलवायचा! एकदा हसता हसता अजिनाथला ठसका लागला, तर युवराजने पाठीवर थापट्या मारल्या. शेडात असं आजवर कुणी केलं नव्हतं.

एके दिवशी मालक अवचित आले. सुट्टी होऊनही अजिनाथ झाडू हातात घेऊन उभा!

"सुट्टी झाली तरी घरी जाईनास? कामावर एवढा जीव?"

"तसं न्हाय, मालक..."

"मला कळत न्हाय व्हय? युवराजला उद्यापासून आपल्या सात रस्ता चौकातल्या दुकानात घेतो. दोन्ही पाळ्या तूच सांभाळ. खूश?"

युवराजने अजिनाथकडे बघितलं. अजिनाथने झाडूकडे.

"खूश की, मालक."

पुढचं खरं काय ते सांगायला त्याने तोंड उघडलं, तोवर मालकांनी युवराजला मागे बसवून स्कूटर चालूसुद्धा केली होती.