पाच फुटांवरचे नाना

आमच्या कॉलनीतले नाना सकाळी फिरायला निघतात तेव्हा त्यांच्या खांद्यावर दोरी असते. पहिल्या दिवशी मी भाबडेपणाने विचारलं, "नाना, वासरू सुटलं का?" नाना म्हणाले, "कोनाचं?" आणि माझ्याआधी तेच इकडेतिकडे शोधू लागले.

ती झाडं लावताना ओळी आखायची दोरी होती. दर पाच फुटांवर लाल चिंधी बांधलेली. नानांचा जन्म असोद्याला केळीच्या बागेत गेला. बायको, अक्का, गेल्यावर मुलाने त्यांना जळगावच्या या घरात आणलं आणि स्वतः बदली होऊन पुण्याला गेला. नाना आणि दोरी इथेच राहिले.

आमची ओपन स्पेस तेव्हा नुसती काटेरी बाभळी आणि कचरा. नानांनी ती साफ केली आणि कडुनिंब, करंज, कदंब लावले, केळीच्या हिशेबाने, पाच बाय पाचावर. झाडं वाढली तसं आत शिरायचं तर आडवं होऊन शिरावं लागे. देशपांडेकाका इकडून शिरले की कुठून बाहेर पडतील ते त्यांनाही सांगता येत नसे. मे महिन्यात मात्र नानांना नावं ठेवणारे सगळे त्याच सावलीत उभे राहून नावं ठेवत.

"नाना, इतकं जवळ का लावलं?"

"एकटं झाड वाऱ्यात पडतं रे भो. दाटीत एकमेकाले धरून राह्यतं."

"पण हा कडुनिंब आहे. केळ नाही."

"मग त्याले वारा लागत नाही का?"

मी कॉलनीचा सचिव आहे. का आहे, ते मला नीट कळलेलं नाही. एका बैठकीला उशिरा पोचलो आणि झालो.

यंदा महापालिकेचे इंजिनीअर नकाशा घेऊन आले. चालायला ट्रॅक, बसायला सहा बाक. त्यासाठी झाडांची एक ओळ सोडून एक ओळ काढायची. नानांना हे सांगायचं काम सचिवाचं. मी दोन दिवस टाळलं. नाना रडतील, नाहीतर दोरी उगारतील, असं वाटत होतं. जीव लावून वाढवलेली झाडं होती ती.

नाना शांतपणे म्हणाले, "काढा. केळीच्या बुडाची पिलं वाढली का कापाच लागतात." मी गोंधळलो. मग त्यांनी विचारलं, "बाकं कुठी ठेवनार?"

"चार कोपऱ्यांत चार आणि दोन बाजूंना मध्यावर दोन. लांब लांब. माणसाला निवांत बसता यावं म्हणून."

"निवांत," नाना म्हणाले आणि दोरी गुंडाळू लागले. झाडांपेक्षा बाकांचंच त्यांना जास्त लागलेलं दिसलं. ते का, हे मला तेव्हा समजलं नाही.

बाक बसवले त्या दिवशी मी ऑफिसात होतो. दुपारी इंजिनीअरचा फोन आला. ते इतके चिडले होते की पहिली दोन मिनिटं मला काहीच कळलं नाही. संध्याकाळी जाऊन पाहिलं. सहाही बाक सगळ्यात मोठ्या कडुनिंबाखाली, समोरासमोर, एसटी स्टँडवर असतात तसे. सिमेंट कडक झालेलं. गवंडी म्हणाला, "सेक्रेटरीसाहेबांनी पाठवलंय असं सांगत ते आजोबा आले. त्यांनीच दोरी धरून चुन्याची फक्की मारून दिली."

एका बाकावर नाना एकटेच बसले होते. शेजारी दोरी. मला खरंच राग आला होता.

"नाना, हे काय करून ठेवलंत? माझं नाव सांगून?"

"तुहं नाव सांगतलं म्हून तर त्यायनं ऐकलं," नाना म्हणाले. मग त्यांनी शेजारची दोरी उचलून मांडीवर घेतली. "अक्का गेली तवापासून सांजच्याले घरात बोलाले कोनी नाही. तुमी मले त्या कोपऱ्यात निवांत बसवनार. तिथून आवाज देला तर कोनाले ऐकू येईन?"

मला एकदम वाईट वाटलं. इतकी वर्षं मी या माणसाला झाडांबद्दलच विचारत आलो होतो. मी समोरच्या बाकावर बसलो. मध्ये बरोबर पाच फूट.

"येतं का ऐकू?" नानांनी विचारलं.

"येतं."

"मग सांग, आज भाजी कोनती केली घरी?"