पगारी सासूबाई

"खर्च दाखवा वहिनी, खर्च! नुसतं उत्पन्न दाखवून टॅक्स भरायला आपण काय वेडे आहोत?" असं म्हणत प्रफुल्लने पोह्यांची दुसरी बशी पुढ्यात ओढली.

प्रफुल्ल हा वैभवचा शाळेतला मित्र. दादरला एका जिन्याखाली त्याचं टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस होतं आणि मित्रांकडे तो फीऐवजी नाश्ता घ्यायचा, तोही फीच्या दुप्पट. वैभवची बायको दर्शना लालबागच्या राहत्या घरात पाळणाघर चालवत होती. इतकी वर्षं सरकारला तिची आठवण झाली नव्हती आणि तिलाही सरकारची. पण नूपुर नावाच्या एका आईची कंपनी म्हणे पाळणाघराची फी परत देणार होती, आणि त्यासाठी तिला पॅन नंबर असलेली पक्की पावती हवी होती. तोवर वैभव या धंद्याला 'दर्शनाचा टाइमपास' म्हणायचा. टाइमपासवर टॅक्स लागू शकतो हे कळल्यावर तो एकदम 'आपला बिझनेस' म्हणायला लागला.

"स्टाफ किती?" प्रफुल्लने विचारलं.

"स्टाफ कुठला? मी आणि आई."

"आई म्हणजे सासूबाई? त्या काय करतात?"

"काय नाही करत ते विचारा! भरवतात, शी-शू बघतात, भांडणं सोडवतात. दुपारी पोरं झोपतात ती त्यांच्याच गाण्यावर. मी गायला लागले की झोपलेलंही उठतं."

"मग दाखवा की त्यांना पगार! खरं काम, खरा पगार, एकदम कायदेशीर. नेमणुकीचं पत्र द्या, हजेरी ठेवा, पैसे बँकेतून द्या, महिन्याला स्लिप काढा. शिवाय लेडीज स्टाफ, त्यामुळे एवढ्या पगाराला प्रोफेशन टॅक्सही नाही. सासूबाईंमुळे फायदाच आहे तुमचा."

सासूबाईंमुळे फायदा, हे शब्द दर्शना लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होती. वैभवनेही मान डोलावली. आईचं पासबुक त्याच्याच कपाटात असायचं, त्यामुळे पैसे या खिशातून त्या खिशात जाणार याबद्दल त्याला शंका नव्हती.

दर्शनाच्या सासूबाई, कौसल्याबाई, स्वयंपाकघरात नाचणीची खीर ढवळत होत्या. दर्शनाने कागद आणि पेन पुढे केलं.

"हो कसलो कागद?"

"तुमच्या नेमणुकीचा. तुम्हाला पगार दाखवायचाय. फक्त कागदावर हं, आई."

"म्हणजे मी आता कामाक लागलंय?"

"कागदावर!"

खिडकीशी पेपर वाचत बसलेले राजारामभाऊ, म्हणजे दर्शनाचे सासरे, मध्ये पडले. त्यांनी पेपर खाली केला. "कागदावर असता ताच खरा," ते म्हणाले. "गिरणीत आमका सगळा तोंडी सांगतले. हातात काय इला? कर गो सही."

राजारामभाऊ गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, पण साच्यापेक्षा गेटवरच जास्त दिसायचे. संप गेला, गिरणी गेली, तिच्या जागी समोर टॉवर आला, तरी भाऊंच्या आतला कामगार पुढारी रिकामा बसून होता. आता त्याला घरबसल्या काम मिळालं. शिवाय मालक घरातच, त्यामुळे मोर्चा फार लांब न्यायची गरज नव्हती.

पहिला पगार जमा झाला त्या दिवशी कौसल्याबाईंनी वैभवकडून पासबुक मागून घेतलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. पुढच्या रविवारी त्या उठल्याच नाहीत. "साप्ताहिक सुट्टी," राजारामभाऊंनी बाहेर येऊन जाहीर केलं. सोमवारपासून संध्याकाळी सहाला त्या हातातलं पोर होतं तसं दर्शनाच्या मांडीत ठेवून चप्पल घालू लागल्या. मग मागण्या आल्या: गणपतीला गावी जायला भरपगारी रजा, दुपारी पाठ टेकायला वेळ आणि पोराने केस ओढल्यास नुकसानभरपाई.

"बाबा, अहो घरातलंच आहे ना हे!" दर्शना रडकुंडीला आली.

"शेठजीपण असाच म्हणायचो," राजारामभाऊ शांतपणे म्हणाले. "आपण सगळे एक कुटुंब."

त्यांनी पाळणाघराच्या दारात रीतसर गेट मीटिंग घेतली. सभासद एकच असल्याने कोरमचा प्रश्न आला नाही. घोषणांना आवाज मात्र कमी पडेना, कारण आत बसलेल्या चौदा पोरांना हा खेळ बेहद्द आवडला. तिसऱ्या दिवशी नूपुरचा फोन आला.

"दर्शनाताई, तुम्ही मुलांना नक्की काय शिकवताय? आमचा ईशान दूध बघून मूठ वर करतो आणि ओरडतो, 'मागण्या मान्य करा!' काल माझ्या बॉससमोर व्हिडिओ कॉलवर ओरडला!"

"बॉस काय म्हणाले?"

"त्यांना वाटलं, मीच पढवलंय!"

दर्शनाने कपाळाला हात लावला. पण खरी पंचाईत पुढेच होती. महिनाअखेर छापून दिलेली पगाराची स्लिप कौसल्याबाईंनी कौतुकाने भजनी मंडळात फिरवली. मंडळातल्या एका बाईंची सून समोरच्या टॉवरमधल्या डे-केअरमध्ये कामाला होती. काचेचं दार, आत एसी, आणि पोरं म्हणे कुणाकडूनच झोपत नव्हती. स्लिप म्हणजे अनुभवाचा पुरावाच. दोन दिवसांत निरोप आला: आजींना पाठवा, पगार दीडपट.

"सोमवारपासून बोलवल्यानी," कौसल्याबाई भात वाढताना सहज म्हणाल्या.

दर्शनाचा घास हातातच राहिला. पोरं आजीसाठी येत होती, हे तिला पुरतं ठाऊक होतं. आजी गेली की महिन्याभरात पाळणे रिकामे होणार आणि 'आपला बिझनेस' पुन्हा टाइमपास होणार. त्याहून वाईट म्हणजे तिला खरंच रडू येत होतं, आणि ते पाळणाघरासाठी नव्हतं.

रविवारी संध्याकाळी वाटाघाटी बसल्या. राजारामभाऊ पोरांच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसले. वैभव नाइलाजाने हजर होता. दर्शनाने एकेक मागणी मान्य केली: रविवारची सुट्टी, सहाला ड्यूटी खलास, गणपतीची रजा, दीडपट पगार, सगळं. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "आई, हे सगळं आधीच द्यायला हवं होतं. तुम्ही काम करताय हे मला प्रफुल्लने विचारेपर्यंत दिसलंच नाही. जाऊ नका."

कौसल्याबाईंनी पदराने तिचा गाल पुसला. "रडतंस कित्याक? त्या काचेच्या दारात माजो जीव गुदमारतलो. मी खंय जातंय? माका फक्त कोणतरी 'जाऊ नको' म्हणूक व्हया होता."

"कामगार एकजुटीचा विजय असो!" राजारामभाऊंनी मूठ उंचावली. खुर्चीही त्यांना चिकटून वर आली. ती सोडवून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, सहा वाजून गेले होते. विजयी पुढाऱ्याच्या थाटात ते भिंतीला टेकले. "कौसल्या, आता फक्कड चाय ठेव गो."

कौसल्याबाई हलल्या नाहीत. "सहा वाजले. ड्यूटी संपली. आणि आज तर रविवार."

"अगो, ती पाळणाघराची ड्यूटी! ही घरची चाय!"

"मगे हेची नेमणूक खंय आसा? पगार कोण देता? इतकी वर्सां सगळा तोंडीच चललला मां?" त्या सुनेकडे वळल्या. "दर्शना, त्या प्रफुल्लाक जरा विचार गो. घोवाक मालक म्हणून दाखवूक येता काय?"

राजारामभाऊंनी तोंड उघडलं, पण आयुष्यभरात पाठ केलेल्या सगळ्या घोषणा समोरच्या पार्टीच्या बाजूने निघाल्या. ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने आतून पडेल आवाज आला, "साखर खंयच्या डब्यात आसा?"

"लाल झाकणाच्या," दोघी एकदम म्हणाल्या आणि पाय लांब करून बसल्या.

वैभवने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. कुणी काही बोलायच्या आत तो उठला आणि पोरांच्या सतरंज्यांच्या घड्या घालू लागला.