विरोधकाला आधी चहा

भालेराव आण्णांच्या घरी चहा लवकर मिळवायचा असेल तर त्यांच्या म्हणण्याला विरोध करावा लागतो. सहमत असणाऱ्यांना तो शेवटी मिळतो, बहुतेक वेळा गार झालेला.

आमच्या उपनगरातल्या कॉलनीत ते गेली पंधरा वर्षं सोसायटीचे अध्यक्ष आहेत. सभेत ठराव आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. “विरोधात कोण आहे? त्याला आधी चहा द्या, मग बोलू द्या.” पाण्याच्या नव्या टाकीला कोणीच विरोध करेना, तेव्हा ते इतके अस्वस्थ झाले की माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही शाळेत शिकवता. काहीतरी खोट काढा.” मी म्हटलं, झाकण हलकं वाटतंय. झाकण खरंच हलकं निघालं. तेव्हापासून माझा चहा कायम पहिला.

आण्णा मूळचे नांदगावकडचे. आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक टपाल नोंदवलं आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घरातही त्यांना सूचक आणि अनुमोदक लागायचे. “संध्याकाळी वांग्याची भाजी असा प्रस्ताव आहे,” असं ते म्हणायचे, आणि त्यांच्या पत्नी निर्मलाताई आतून सांगायच्या, “वांगी चिरून झालीत. अनुमोदन देऊन टाका.” निवृत्तीच्या वर्षीच निर्मलाताई गेल्या. घरात आण्णा आणि त्यांची मुलगी मिता, दोघंच उरले.

मिता म्हणजे संघमित्रा. सिव्हिल इंजिनियर, पाणीपुरवठ्याच्या योजना आखते. नांदगाव तालुक्यातल्या एका गावात नळ कुठे बसवायचे हे तिने आधी हंडे वाहणाऱ्या बायकांना विचारलं आणि तयार झालेला नकाशा पुन्हा काढला. ऑफिसातले साहेब चिडले. गावात पाणी आल्यावर तेच साहेब फोटोत मध्यभागी उभे होते. हे मला आण्णांनी निदान सहा वेळा सांगितलंय, आणि दरवेळी ‘मध्यभागी’ या शब्दावर ते थांबतात.

मग कॅनडातल्या एका फेलोशिपची जाहिरात आली. विषय लोकशाही नेतृत्व. तरुण डॉक्टर, वकील, इंजिनियर अशांनी नऊ महिने तिथे राहायचं आणि नगरपालिका, लोकांच्या सभा, तिथले निर्णय जवळून पाहायचे. आण्णांनी जाहिरात तीनदा वाचली. “हे शिकायला कॅनडा कशाला? पण अर्ज कर. त्यांनाही काही शिकायचं असेल.”

मुलाखत ऑनलाइन होती, संध्याकाळी. आण्णांनी दुपारपासून गल्लीत फिरून सगळ्यांना तंबी दिली. कुकर लावायचा नाही, गाडीचा हॉर्न नाही, वरच्या मजल्यावरचा तबल्याचा क्लास बंद. आम्ही दोघं दाराबाहेर खुर्च्या टाकून राखण करत बसलो. मुलाखत सुरू झाली आणि देवळाली कॅम्पकडून तोफांचा सराव सुरू झाला. धडाम, धडाम. आण्णा ताडकन उठले. एवढ्या लांबच्या तोफांना काय सांगणार, म्हणून पुन्हा बसले.

आतून मिताचा आवाज येत होता. तुमच्यावर कोणत्या नेत्याचा प्रभाव आहे, असं त्यांनी विचारलं होतं. ती इंग्रजीत शांतपणे सांगत होती. “आमच्या कॉलनीत एक मोकळी जागा होती. अध्यक्षांना तिथे अभ्यासिका हवी होती, बाकीच्यांना मुलांसाठी खेळायची जागा. मी नुकतीच अठराची झाले होते आणि पहिल्यांदाच मत देत होते. अध्यक्ष एका मताने हरले. ते एक मत माझं होतं, आणि अध्यक्ष माझे वडील होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या जागेवर उन्हात उभे राहून घसरगुंडी बसवून घेत होते. बसल्यावर मुलांना सोडण्याआधी स्वतः तीनदा घसरून पाहिलं. पँट फाटली. नेता म्हटलं की मला ते आठवतात.”

आण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, “दोनदाच घसरलो होतो.”

तिची निवड झाली. कॉलनीत पेढे वाटून झाले आणि तिसऱ्या दिवशी मिता म्हणाली, “मी जात नाहीये.”

रविवारी सकाळी आण्णांनी घरात सभा बोलावली. सभासद दोन आणि मी अध्यक्ष. त्यांनी स्वतः चहा केला आणि पहिला कप मितापुढे ठेवला. “विरोधकाने बोलावं.”

“आण्णा एकटे राहतील,” मिता म्हणाली. “एवढाच मुद्दा आहे माझा.”

“मुद्दा व्यक्तिगत आहे. सभेच्या कक्षेत येत नाही.”

“काकू, तुम्हीच सांगा, येतो की नाही?”

मी म्हटलं, येतो. आण्णांनी मान खाली घातली. मग म्हणाले, “मग उत्तर देतो. मी ठणठणीत आहे. मला काही झालेलं नाही. तिची आई असती तर तिने बॅग भरायला घेतली असती.”

मत एकाला एक पडलं. निर्णायक मत माझं. मी मिताकडे बघून जाण्याच्या बाजूने हात वर केला. ती रडली, मग रागावली, आणि पुढच्या महिन्यात गेली.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी आण्णा माझ्या दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. “जयभीम मॅडम. दुपारी मोकळ्या आहात का? एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. सोबत एक माणूस लागतो म्हणतात.”

मी फाइल पाहिली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि डॉक्टरांनी तपासल्याची तारीख त्या रविवारच्या सभेच्याही आधीची.

“आण्णा, सभेत तुम्ही ‘मी ठणठणीत आहे’ म्हणालात.”

“म्हणालो.”

“ते खोटं होतं.”

“होतं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही हात वर केला नसता.”

मी रिक्षा बोलावली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि काळा चष्मा आला. संध्याकाळी मिताचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी औषधाचे थेंब घालायला तिथेच होते. “आण्णा, गॉगल कशाला?”

“डोळे आलेत. साथ आहे इकडे. मॅडमचे पण आलेत.”

माझ्याकडे गॉगल नव्हता. मी घाईने कॅमेऱ्याच्या बाहेर सरकले.

मिता दहा मिनिटं बोलत होती. नगरपालिकेची सभा कशी पाहिली, कोण कुठून आलंय, थंडी किती आहे. आण्णा फोन अगदी चेहऱ्याजवळ धरून हसत होते, मान डोलावत होते. कॉल संपला. फोन त्यांनी मांडीवर ठेवला.

“मॅडम,” ते म्हणाले, “मला सगळं धुरकट दिसत होतं. कशी दिसत होती ती?”

मी सांगितलं. निळा स्वेटर होता. केस वर बांधले होते. चेहरा हसरा होता. मागे मोठी खिडकी होती आणि बाहेर एक झाड.

“झाडाला पानं होती?”

“होती. लालसर.”

“स्वेटर जाड होता?”

“चांगला जाड होता.”

आण्णांनी मान हलवली. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून घेत म्हणाले, “आता पहिल्यापासून सांगा. जरा सावकाश.”