निळं कार्ड, काळं कार्ड आणि मेव्हणीचं बाळ

खर्च काय, आपण रोजच करतो. दूध, साबण, बटाटे, पेट्रोल. पण या खर्चातून आपल्यालाच काहीतरी परत मिळतं, हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. ते कळलं नसतं तर फार बरं झालं असतं, असं आमच्या सौ.चं मत आहे. (माझंही तेच आहे, पण घरात मी ते बोलून दाखवत नाही.)

झालं असं, की माझ्या मेव्हणीला दिवस गेले होते. ही मेव्हणी लांब, समुद्रापलीकडे राहते. नवरा जहाजावर, म्हणजे असून नसल्यासारखा. सौ. तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. तिला कडेवर घेऊन फिरवलंय, तिच्या वेण्या घातल्यात, तिचा गृहपाठसुद्धा हिनेच केलाय. त्यामुळे मेव्हणीचा फोन आला की एकच पालुपद : "ताई, त्या दिवशी तू हवीस हं. तू नसलीस तर मी दवाखान्यात जाणारच नाही."

"येणार म्हणजे येणार," सौ. म्हणायची आणि फोन ठेवला की डोळे पुसायची.

सौ. घरी शिवणकाम करते. तिकिटापुरते पैसे तिने बाजूला टाकलेले होते. एका रविवारी ती म्हणाली, "उद्या जाऊन तिकीट काढते."

आणि मी म्हणालो, "थांब!"

बस, एवढा एक शब्द. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

मी 'थांब' म्हणालो, कारण आदल्याच दिवशी आमच्या ऑफिसातल्या पॉइंटशेठने माझे डोळे उघडले होते. मी वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅच क्लार्क आहे. (अख्ख्या गावाचं वजन आमच्या काट्यांवर होतं, ऑफिसात मात्र माझं वजन कुणावर पडत नाही.) पॉइंटशेठ अकाउंट्सला. त्याचं खरं नाव आता त्याच्या आईलाही आठवत असेल की नाही, शंकाच आहे. तो म्हणाला, "रोख पैसे देणारा माणूस म्हणजे शुद्ध अडाणी. मी गेल्या वर्षी नुसत्या पॉइंटांवर विमानाने फिरून आलो. फुकट!"

फुकट! हा शब्द ऐकला की माझ्या अंगात वारं शिरतं. सौ.ला मी शब्द दिला, "बाळ यायच्या आत तू तिथे असशील. आणि एक पैसा न खर्चता!"

"अहो, पण वेळेवर मिळेल ना? मला त्या दिवशी तिथे असायचंय. बाकी तुमचं काय ते चालू द्या."

"तू बघच!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने आमच्यापुढे तीन कार्डं मांडली.

"सर, निळ्यावर किराण्याला पाचपट पॉइंट. काळ्यावर पेट्रोल पंपाला पाचपट."

"आणि हे पिवळं?"

"याला पॉइंट नसतात, सर. याच्यावर प्रवासाची एक—"

"पॉइंटच नाहीत? मग त्याला कार्ड कशाला म्हणायचं, पत्ते खेळायला घ्या!"

माझ्या या विनोदावर मी एकटाच हसलो. मुलगी तिचं राहिलेलं वाक्य पूर्ण करायला सौ.कडे वळली. दोघी बराच वेळ काहीतरी कुजबुजत होत्या. माझं तिकडे लक्ष नव्हतं. निळं की काळं, या विचाराने माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

तो भुगा आठवडाभर होत राहिला. किराणा घरात भरपूर लागतो, म्हणजे निळं. पण निळ्याचे पॉइंट वस्तूंसाठी चांगले आणि काळ्याचे विमानासाठी, म्हणजे काळं. पण आमच्याकडे वाहन एकच, जुनी स्कूटर. तिला पेट्रोल लागून लागून लागणार किती? शेवटी सौ. मशीनवर बसलेली असताना मी विचारलंच.

"एका शब्दात सांग. निळं की काळं?"

"काळं द्या."

"शाब्बास! मलाही तेच वाटत होतं."

"अहो, रीळ! काळं रीळ द्या, तुमच्या हाताशी आहे ते!"

मग मी दोन्ही घेतली. निवड करायची म्हणजे एकाला नाही म्हणायचं, आणि मला जन्मात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही.

पहिला महिना मी निळं कार्ड असं वापरलं, की किराणावाला मला लांबून पाहूनच मशीन पुसायला घ्यायचा. साबण, साखर, काड्यापेट्या! आमच्याकडे गॅसला लायटर आहे, तरी मी काड्यापेट्यांचा पुडा घेतला. महिनाअखेर बघतो तर काय, पाचपट सोडाच, पॉइंटांची नुसती शिंतोडेबाजी! मी तडक दुकान गाठलं.

"शेठ, किराण्याचे पॉइंट का नाही आले?"

"कसे येतील? हे मशीन माझ्या मेव्हण्याचं. त्याचं सलून बंद पडलं, मशीन पडून होतं. म्हटलं, चांगली वस्तू वाया कशाला घालवा?"

म्हणजे बँकेच्या लेखी मी महिनाभर एक दिवसाआड केस कापून घेत होतो! (माझं डोकं ज्यांनी पाहिलंय, ते इथे थोडा वेळ थांबून हसून घेऊ शकतात.)

पण मी खचणारा माणूस नव्हे. निळं बाजूला ठेवलं आणि काळं बाहेर काढलं. पेट्रोल पंपावर एक छोटं दुकान असतं ना, त्यात दूध, ब्रेड, बटाटे, टूथपेस्ट सगळं मिळतं. आणि ते घेतलं तरी बँकेला वाटतं पेट्रोलच घेतलं! हा शोध लागला त्या संध्याकाळी मी पंपावरच उडी मारली. पंपवाल्याने आधी माझ्या पायाशी काही पेटलंय का ते पाहिलं.

तेव्हापासून आमचं घर पंपावर चालू लागलं. बटाटे दुप्पट महाग, पण पॉइंट पाचपट! पंपापर्यंत जायला पेट्रोल जास्त लागायचं, त्याचेही पॉइंट! सौ. एकदा दुधाचं पातेलं नाकाशी धरून म्हणाली, "याला पेट्रोलचा वास येतोय का हो?" मी म्हटलं, "तो प्रगतीचा वास आहे."

आमच्या सासूबाई पलीकडच्याच गल्लीत राहतात. पोस्टाच्या खिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेल्या; त्यामुळे समोरच्याला एका वाक्यात परत पाठवायची सवय. त्या म्हणाल्या, "जावईबापू, बटाटे पंपावर भरता, मग स्कूटर भाजीवाल्याकडे भरता का?"

"आई, तुमची मुलगी फुकटात विमानाने जाणार आहे!"

"फुकटातली वस्तू फार लांबचा वळसा घेऊन येते हो," त्या म्हणाल्या आणि चहाचा कप पुढे करून "अजून अर्धा" अशी खूण केली.

पॉइंट वाढत होते, पण बाळही वाढत होतं. मी वेग वाढवला. ऑफिसात जाहीर केलं, की कुणाला काहीही घ्यायचं असेल तर माझ्या कार्डावर घ्या आणि मला जागच्या जागी रोख द्या. दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलापुढे रांग लागली. विजेची बिलं, मुलांच्या फिया, एकाचं कुत्र्याचं इंजेक्शन. साहेबांनी तर गाडीचे चारही टायर माझ्या कार्डावर घेतले. मला इतक्या वर्षांत बढती दिली नाही, पण त्या दिवशी मला खुर्ची दिली. मग बँकेने एका आठवड्यापुरते दातांच्या दवाखान्यात काळ्यावर दसपट पॉइंट जाहीर केले. माझी एक दाढ दोन वर्षांपूर्वी दुखल्यासारखी वाटली होती.

डॉक्टर म्हणाले, "दाढ ठणठणीत आहे."

मी म्हटलं, "असू द्या. काढा."

सुजलेला गाल घेऊन मी घरी आलो तेव्हा मेव्हणीचा फोन चालू होता. "ताई, तिकीट काढलंस ना गं?" सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी अंगठा दाखवला. ती फोनमध्ये म्हणाली, "निघतंय हं." पण आवाज कापरा होता. चला, आता काही झालं तरी हे तिकीट निघालंच पाहिजे!

आणि निघालं! एका दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पाहतो तर काळ्या कार्डाचे पॉइंट भरले! मी ओरडलोच. पॉइंटशेठ धावत आला, साहेब आले, ज्यांची बिलं भरली होती ते सगळे आले. माझ्या खांद्यावरून दहा डोकी पडद्यात घुसली. मी डोळे मिटून बटण दाबलं. टाळ्या!

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर तिकीट होतं. त्यावर नाव होतं, माझं.

मी बँकेला फोन लावला. तीच मुलगी. "अभिनंदन, सर!"

"अभिनंदन राहू द्या, ते बायकोच्या नावावर करा."

"सर, पॉइंटांचं तिकीट कार्ड ज्याचं, त्याच्याच नावाने निघतं."

"मग कार्ड तिच्या नावावर करा."

"चालेल ना, सर. नवीन कार्ड, पॉइंट शून्यापासून."

"मग हे तिकीट परत घ्या!"

"तिकीट रद्द होईल, सर. पॉइंट परत येत नाहीत."

मागे वळून पाहिलं तर दहाची दहा डोकी आपापल्या टेबलांवर कामात बुडाली होती. इतकं काम आमच्या ऑफिसात कधी झालेलं नाही.

त्या संध्याकाळी मी घरी कसा गेलो, माझं मला ठाऊक. सौ. बाळाची इवलीशी झबली इस्त्री करत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि दाराच्या जवळ उभा राहिलो. ती चिडली असती तर परवडलं असतं. तिने इस्त्री बाजूला ठेवली, माझ्या गालाकडे पाहिलं (सूज अजून होती) आणि म्हणाली, "बरं. मग तुम्ही जा."

"मी? मी जाऊन काय करू? मला बाळ धरतासुद्धा येत नाही!"

"एवढी दाढ काढलीत, ती वाया कशाला घालवायची? जा, झबली पोचवा. पुढचं मी बघते."

एवढंच. मी म्हटलं, "तुझं तिकीट मी काढतो. आत्ताच, रोखीने."

"आता काहीही काढू नका," ती म्हणाली. "प्लीज."

सामान भरलं निळ्या कार्डाच्या बॅगेत. निळ्यावरच्या त्या शिंतोड्यांमधून ही चाकांची बॅग मिळाली होती. चाकं चार, फिरणारं एक. निघताना सौ.ने ती दारापर्यंत आणून दिली. "पोचलात की बेल नीट वाजवा, बाळ झोपलेलं असेल," असं म्हणाली. बाळ तर अजून झालेलंही नव्हतं! बिचारी, दुःखाने गोंधळलीय, असं मला वाटलं.

फुकटच्या तिकिटाला विमानं तीन. पहिलं उलट्या दिशेला गेलं. तिथे रात्रभर खुर्चीत बसवून दुसऱ्याने मला अशा गावी नेलं, जिथे विमानतळापेक्षा त्याची पाटी मोठी होती. तिथे तिसऱ्याची वाट पाहता पाहता दिवस मावळला. चहा आणि बिस्किटं इतकी महाग, की तेवढ्यात आमच्या पंपावर आठवड्याचे बटाटे आले असते. आणि त्यावर पॉइंट नव्हतेच. फोन चार्ज करायचेसुद्धा पैसे पडत होते, म्हणून फोन बंद ठेवला. सगळा वेळ डोळ्यांपुढे सौ. मशीनवर एकटी बसलेली, आणि तिकडे मेव्हणी 'ताई, ताई' करतेय. माझ्यासारखा मूर्ख मीच! चालतं चाक दुसऱ्या विमानतळावर तुटलं. तिथून बॅग मी डोक्यावर घेतली.

मेव्हणीच्या घरी पोचलो तेव्हा अंगावरचे कपडे चुरगळून पार चोळामोळा झाले होते. मी बेल वाजवली. मेव्हणीला काय सांगायचं, याची वाक्यं जुळवत उभा होतो.

दार सौ.ने उघडलं. कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

"हळू," ती म्हणाली. "आत्ताच झोपलीय. काल सकाळी झाली. मी हिच्या आईचा हात धरून होते." आणि ती इतकी हसली, की मला तिचे डोळे भरलेले दिसेपर्यंत माझेच भरून आले.

"तू... तू कशी आलीस?"

"तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी निघाले. थेट विमान. ते पिवळं कार्ड नव्हतं का, पत्ते खेळायचं? तेव्हाच घेऊन ठेवलं होतं मी. वर्षातून एकदा, एका तिकिटावर दुसरं फुकट! मनात होतं, दोघांनी मिळून यायचं. पण तुमचा तो उत्साह मोडवेना. आणि मग तुमची सोय तर तुम्ही स्वतःच करून बसलात."

"मग ते दुसरं तिकीट?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. चांगली झोप झालेल्या, न्हालेल्या, हातात चहाचा कप घेतलेल्या सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी माझे चुरगळलेले कपडे पाहिले, डोक्यावरची बॅग पाहिली, सुजलेला गाल पाहिला.

"अगं बाई! जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही काय बसने आलात?"